दानाच्या पाकिटामागे

एकतीस वर्षं मी मिरजेत, मिशनच्या दवाखान्यात,
लोकांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या.
पांढरी सकाळी, गुलाबी जेवल्यावर.
"गिळा काका. पाणी प्या. जीभ दाखवा बघू."
सलगऱ्याचा एक म्हातारा गोळी गालात लपवायचा,
आणि मी त्याला पोरासारखी रागवायचे.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी सुरू झालं.
ताप नाही. बीपी नाही. शुगर काठावर.
फक्त चहाचं पातेलं गॅसवर ठेवायचं
आणि लायटरकडे हात जायचा नाही.
उभी असायचे तशीच.
शेजारच्या सतारीच्या दुकानात
इस्माईलभाई भोपळा घासत असायचे, खर्र, खर्र,
आणि वाटायचं, तो मीच आहे,
गर काढून वाळत घातलेली.

महिला मंडळ आलं. शशिरेखा लोंढे, ग्रेसवंती आवळे, सगळ्या.
चांगली प्रार्थना केली, खोटं कशाला बोलू.
जाताना शशिरेखा दारात म्हणाली,
"सिस्टर, आपल्या लोकांना असं होत नसतं.
विश्वास कमी पडला की सैतान जागा धरतो."
मी मान डोलावली. कपबशा विसळल्या, बाराच्या बारा.
मग मोरीतच बसून राहिले, अंधार पडेपर्यंत.

सांगलीला, विश्रामबागेत, एक डॉक्टरबाई आहेत,
माझ्या मुलीच्या वयाच्या.
त्यांनी विचारलं, "झोप?"
मी म्हटलं, "प्रार्थना करते."
त्या म्हणाल्या, "छान. झोप?"
मला हसू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

गोळ्या मिरजेत नाही घेतल्या.
इथल्या निम्म्या मेडिकलवाल्यांना
पहिली अंघोळ मीच घातलीय.
सांगली स्टँडजवळ घेतल्या,
हळदीच्या पुड्यांखाली दडवून आणल्या.
पट्टीला अजून वास आहे.
आठ दिवस ती कपाटात राहिली.
म्हणजे गालातच म्हणा.

रात्री नऊची गोळी. नऊलाच मी प्रार्थनेला बसते.
आधी काय, हा वाद बरेच दिवस चालला,
माझा माझ्याशी, की माझा त्याच्याशी.
एकदा चिडून म्हणाले, प्रभू,
आंधळ्याच्या डोळ्यांना तू चिखल लावलास.
नुसत्या शब्दानं भागलं असतं की तुझं.
तरी खाली वाकलास, मातीत बोटं घातलीस.
मग मी ह्या एवढ्याशा गोळीला का लाजते?
उत्तर आलं नाही.
कोल्हापूरची गाडी गेली, कुत्रं भुंकलं,
आणि मी पाणी प्यायले.

शनिवारी पाळकसाहेब आले, सुमित्र रणभिसे.
चाळिशीचे, आवाज खणखणीत.
पट्टी टेबलावर राहिली होती.
मी फडकं टाकायला गेले, हात पोचेना.
त्यांनी पाहिली. डोळे मिटले, प्रार्थना सुरू केली,
आणि मधेच थांबले.
इतका वेळ, की भिंतीपलीकडचं खर्र खर्र ऐकू आलं.
मग डोळे न उघडताच म्हणाले,
"कुठल्या डॉक्टरांकडे?"

मी सांगितलं.
त्यांनी खिशातून दानाचं पाकीट काढलं,
उलटं केलं, नंबर लिहून घेतला.
कुणासाठी, ते बोलले नाहीत.
पेनाचं टोपण बसवताना बोटं कापत होती.
मी विचारलं नाही. एकतीस वर्षांत
कधी विचारायचं नाही तेवढं कळतं.
"पहिले पंधरा दिवस," मी म्हणाले,
"काही फरक वाटणार नाही. कुणालाही.
तरी सोडायची नाही."
आमेन म्हणायचं दोघंही विसरलो.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला
त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.
मी हळूच विचारलं, "कितवा दिवस?"
"सहावा," ते ओठांत पुटपुटले.
मागे शशिरेखा खोकली.
मी तुकडा गिळला, पुढे सरकले.